भारत नाटोत का जात नाही, आणि तरीही नाटोशी आपले काम कुठे पडते

प्रश्न असा आहे: चीन सीमेवर ठाण मांडून बसलेला असताना भारत नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी गटामध्ये सामील का होत नाही? सदस्यत्व नको असेल तर निदान ‘नाटो प्लस’ का नको? आणि रशियाकडून शस्त्रे घेणारा देश नाटोबरोबर सुरक्षेचे काम करू तरी शकतो का?

मी नौदलात होतो. जहाजाजहाजांमधला संपर्क, संदेश आणि त्यांची गोपनीयता हा माझा विषय. त्यामुळे परदेशी नौदलांशी बोलणी करण्याचे काम माझ्याकडे यायचे, आणि त्यातली बरीचशी नौदले नाटो देशांची असायची. म्हणून हे उत्तर शिखर परिषदांच्या बाजूने न देता ऑप्स रूमच्या, म्हणजे जहाजावरून कारवाई चालवतात त्या खोलीच्या बाजूने देतो. दोन सैन्यांचे सहकार्य किती खोल जाणार हे एका गोष्टीवर ठरते: एकमेकांना कोणती माहिती द्यायची आणि ती मिळाल्यावर कोण सांभाळणार. भारत आणि नाटोचे घोडे तिथे अडते. बाकीच्या बहुतेक चर्चा या अडचणीच्या आजूबाजूने फिरत राहतात.

सदस्यत्वाचा मुद्दा आधी निकालात काढू. नाटोचा मूळ करार ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला. त्याच्या दहाव्या कलमानुसार नव्याने बोलवायचे ते फक्त युरोपीय देशांना. भारताने उद्या अर्ज केला तरी करार बदलल्याशिवाय तो विचारात घेता येणार नाही, आणि करार बदलायला सर्व ३२ देशांची संमती लागेल. जपान आणि ऑस्ट्रेलियाही सदस्य नाहीत, भागीदार आहेत.

पाचव्या कलमाबद्दलही गैरसमज बराच आहे. एका सदस्यावरचा हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानायचा, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. पण पुढे प्रत्येक देशाने ‘आपल्याला आवश्यक वाटेल ती’ कारवाई करायची आहे, सैन्य पाठवलेच पाहिजे असे बंधन नाही. इतक्या वर्षांत हे कलम एकदाच लागू झाले, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. आणि त्याच्या लगेच पुढचे सहावे कलम भूगोल आखून देते: युरोप, उत्तर अमेरिका, तुर्कस्तान आणि उत्तर अटलांटिकमधली कर्कवृत्ताच्या उत्तरेकडची बेटे. हिंदी महासागर त्यात नाही, मग लडाख कुठून येणार?

या सहाव्या कलमाशी आपला जुना संबंध आहे. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य. गोव्याचा प्रश्न तापला तेव्हा पन्नासच्या दशकात लिस्बनने नाटोचे वजन आपल्या पारड्यात पाडून घ्यायची बरीच धडपड केली. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या संयुक्त निवेदनात आशियातल्या पोर्तुगीज वसाहतींना ‘प्रांत’ म्हटले आणि भारतात संताप उसळला. तरी गोवा कराराच्या नकाशाबाहेरच होता. डिसेंबर १९६१ मध्ये ‘ऑपरेशन विजय’ झाले तेव्हा नाटो पोर्तुगालच्या मदतीला उतरली नाही. याच काळात पाकिस्तान आधी सीटोत आणि मग बगदाद करारात गेला होता. पाश्चात्त्य लष्करी गट म्हणजे शेजाऱ्याच्या हातात पडणारी शस्त्रे, हा दिल्लीचा अनुभव तिथून सुरू होतो. अलिप्ततावादाला नुसती भाषणबाजी म्हणणाऱ्यांनी ही दहा वर्षे नीट वाचावीत.

आता ‘नाटो प्लस’. अशी कोणतीही श्रेणी नाटोने केलेली नाही. हा अमेरिकेच्या शस्त्रनिर्यात कायद्यातला प्रकार आहे. मोठा शस्त्रव्यवहार करण्यापूर्वी तिथल्या सरकारला काँग्रेसला कळवावे लागते. नाटो देश आणि त्यांच्या जोडीला जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, इस्रायल व न्यूझीलंड हे पाच देश यांच्यासाठी ती मुदत १५ दिवसांची आहे, इतरांसाठी ३० दिवसांची. प्रमुख लष्करी सामग्रीच्या बाबतीत ज्या रकमेपासून कळवणे सक्तीचे होते ती रक्कमही वेगळी आहे: या देशांना अडीच कोटी डॉलर, इतरांना एक कोटी ४० लाख. मे २०२३ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या चीनविषयक समितीने भारताला या यादीत घेण्याची शिफारस केली आणि आपल्याकडे ‘भारत नाटोच्या उंबरठ्यावर’ अशी चर्चा सुरू झाली. पुढच्याच महिन्यात परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी नाटोचा साचा भारताला लागू होत नाही असे सांगून ती थांबवली. मला तो निर्णय पटतो. भारताला २०१६ मध्ये ‘प्रमुख संरक्षण भागीदार’ हा दर्जा मिळाला आणि २०१८ मध्ये संवेदनशील तंत्रज्ञानाच्या परवान्यांसाठी वरची श्रेणी मिळाली. खरा उपयोग त्यांचा आहे. यादीत जाऊन पंधरा दिवस वाचतील आणि त्यापायी मॉस्कोपासून जकार्तापर्यंत खुलासे करत बसावे लागेल. हा सौदा परवडणारा नाही.

मग नाटोबरोबर नुसती भागीदारी? जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्यासारखी? इथे नाटोचे कामकाज कसे चालते ते समजून घ्यावे लागते. नाटोत मतदान होत नाही. मसुदा सर्व देशांकडे जातो, त्याला एक मुदत दिलेली असते. तेवढ्या वेळात कोणी बोलले नाही तर मसुदा मंजूर. एकाने जरी लेखी हरकत घेतली की काम थांबते. स्वीडनसारख्या देशाने मे २०२२ मध्ये अर्ज केला आणि प्रवेश मिळाला मार्च २०२४ मध्ये, कारण तुर्कस्तान आणि हंगेरीने संमती अडवून धरली होती. भारताबरोबरची प्रत्येक औपचारिक भागीदारी याच वाटेने जाईल, आणि त्या वाटेवर अंकारा, म्हणजे तुर्कस्तानचे सरकार बसलेले आहे. पाकिस्तानच्या नौदलासाठी युद्धनौका बांधणारे, काश्मीरवर उघड भूमिका घेणारे अंकारा. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी पाकिस्तानने सोडलेले ड्रोन तुर्की बनावटीचे असल्याचे आपल्या सैन्याने प्राथमिक तपासाच्या आधारे सांगितले होते. भारताबद्दलच्या कागदावर सही करायची की नाही हे जिथे अंकारा ठरवू शकते, तिथे दिल्लीने किती गुंतवणूक करावी? ही अडचण टीव्हीवरच्या चर्चेत क्वचितच येते. माझ्या मते रशियाच्या नाराजीपेक्षा ही मोठी आहे.

आशियात किती शिरायचे यावर नाटोचे आपापसातही एकमत नाही. टोकियोमध्ये छोटे संपर्क कार्यालय उघडण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये फ्रान्सच्या विरोधामुळे रखडला. हा तोच फ्रान्स, ज्याच्याबरोबर आपले नौदल वर्षानुवर्षे ‘वरुण’ सराव करत आले आहे. फ्रान्सला हिंदी महासागरात भारत हवा आहे, नाटोचे कार्यालय नको आहे. हे दोन्ही एका वेळी खरे असू शकते हे एकदा ध्यानात आले की पुढचे सगळे सोपे होते.

आता कामाच्या ठिकाणी जाऊ. भारत आणि नाटो खरोखर शेजारीशेजारी राहिले ते एडनच्या आखातात. सोमाली चाच्यांचा उपद्रव वाढला तेव्हा ऑक्टोबर २००८ पासून आपली युद्धनौका तिथे गस्तीला असायची. नाटोची ‘ओशन शील्ड’ मोहीम ऑगस्ट २००९ ते डिसेंबर २०१६ चालली. शिवाय युरोपीय संघाची ‘अटलांटा’ आणि अमेरिकेच्या नेतृत्वाखालचे १५१ क्रमांकाचे कार्यदल. भारत, चीन, रशिया यांनी कोणाच्याही हाताखाली न जाता स्वतंत्र जहाजे ठेवली. सगळ्यांची गाठ बहारीनमधल्या समन्वय बैठकीत पडायची. तिथे कोणी कोणाला हुकूम देत नसे. आपापली वेळापत्रके टेबलावर ठेवायची आणि एकाच वेळी दोघांचे ताफे, मग दिवसभर कोणीच नाही, असे होऊ द्यायचे नाही. २०१२ पासून भारत, चीन आणि जपान यांनी आपल्या ताफ्यांच्या वेळा अशा जुळवल्या. सीमेवर एकमेकांकडे दुर्बिणीतून बघणारे देश इथे व्यापारी जहाजांसाठी एकच वेळापत्रक पाळत होते.

पण हे सहकार्य किती खोल होते ते रात्रपाळीला ऑप्स रूममध्ये बसल्यावर कळते. नाटोच्या दोन फ्रिगेट युद्धनौकांमध्ये डेटा लिंक असते. एकीच्या रडारने पकडलेली बोट दुसरीच्या पडद्यावर आपोआप उमटते. तिचा वेग, दिशा, ओळख, सगळे त्याच क्षणी, कोणी काही न बोलता. आपले जहाज त्यांच्यापासून तीस मैलांवर असले तरी आपल्या पडद्यावर आपले रडार आणि आपले हेलिकॉप्टर दाखवील तेवढेच. मग व्हीएचएफ रेडिओवर आवाज यायचा. पलीकडचा अधिकारी अक्षांश-रेखांश एकेक आकडा सुटा करून वाचायचा, आपला ऑपरेटर तो परत वाचून दाखवायचा, मग हाताने पडद्यावर खूण करायचा. त्याशिवाय ‘मर्क्युरी’ नावाची चॅटची यंत्रणा होती. ती इंटरनेटवर चालायची आणि तिच्यावर गोपनीय काही टाकायचे नसायचे. म्हणूनच ती भारतीय जहाजाला चालायची आणि चिनी जहाजालाही.

चाच्यांच्या बंदोबस्ताला एवढे पुरले. लाकडी होडीचा माग काढताना पाच मिनिटांपूर्वीची माहिती चालते. पाणबुडीचा माग काढताना ती काही कामाची नाही, आणि येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या बाबतीत तर पाच सेकंदांपूर्वीचीही नाही. आवाजी संपर्कापासून डेटा लिंकपर्यंतचे अंतर म्हणजेच शेजारी आणि मित्रसेना यांच्यातले अंतर. ते एका सहीने कापता येत नाही. त्यासाठी सांकेतिक यंत्रे लागतात, त्यांच्या किल्ल्या, म्हणजे संदेश उलगडणारे गुप्त संकेत लागतात, त्या किल्ल्या कोणाच्या तिजोरीत राहतील हे ठरावे लागते आणि ती तिजोरी तपासायला कोण येणार हेही.

आपण हे अमेरिकेबरोबर करून पाहिलेले आहे. सी-१३०जे ही वाहतूक विमाने आणि पी-८आय ही सागरी टेहळणीची विमाने आपण घेतली तेव्हा अमेरिकेची सुरक्षित संपर्क उपकरणे त्यांत बसवलेली नव्हती, कारण त्यासाठीचा करार आपण केला नव्हता. पी-८आयमध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सची देशी लिंक बसवली, आपल्या जहाजांशी बोलण्यासाठी. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरक्षित संपर्काचा तो करार, ‘कॉमकासा’, झाला आणि मग दार उघडले. त्याआधी २०१६ मध्ये इंधन-रसद देवघेवीचा करार झाला होता, नंतर २०२० मध्ये नकाशे आणि भूस्थानिक माहितीचा. तिन्हींवर वर्षानुवर्षे घासाघीस झाली आणि प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता: आमच्या जहाजाची जागा आमच्या परवानगीशिवाय तिसऱ्याला कळणार तर नाही ना? हा प्रश्न एका देशाबरोबर सोडवायला दशकभर लागले. नाटोबरोबर सोडवायचा म्हणजे तोच प्रश्न ३२ देशांबरोबर, आणि त्यात तुर्कस्तानही आलेच.

त्यात रशियाचा मुद्दा मिसळतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये आपण एस-४०० हवाई संरक्षण प्रणालीचा करार केला. तीच प्रणाली नाटो सदस्य असलेल्या तुर्कस्तानने जुलै २०१९ मध्ये ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि त्याच महिन्यात त्याला एफ-३५ विमानाच्या कार्यक्रमातून बाहेर काढले गेले. रशियन रडार आणि एफ-३५ एकत्र नांदले तर रडारला त्या विमानाची ओळख पटत जाईल, अशी अमेरिकेची भीती. सदस्य देशाची ही गत, तर सदस्य नसलेल्या भारताला नाटोच्या जाळ्यात कोण घेईल? उलट बाजूने पाहिले तर रशियालाही आपल्या यंत्रणा पाश्चात्त्य जाळ्याला जोडलेल्या नकोत. आपल्याला दोघांचे संशय सांभाळायचे आहेत.

आपले नौदल आज या गुंत्यातून कसे वाट काढते त्याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. ‘आयएनएस तमाल’ ही फ्रिगेट १ जुलै २०२५ रोजी कालिनिनग्राडमध्ये नौदलात दाखल झाली. पोलंड आणि लिथुआनिया या दोन नाटो देशांच्या मध्ये असलेला हा रशियाचा तुकडा. जहाज बांधले रशियाने, त्यातली गॅस टर्बाइन युक्रेनची, आणि परतीच्या वाटेवर ते थांबले इटलीतल्या नेपल्सला, जिथे नाटोचे एक संयुक्त मुख्यालय आहे. युद्ध चालू असताना या तिन्ही बाजूंशी काम करू शकणारे देश जगात मोजके आहेत. ही मोकळीक आपण कमावलेली आहे आणि ती कशाच्या बदल्यात सोडायची याचा हिशेब चोख असायला हवा.

कोणी म्हणेल, मग चीनने पुन्हा गलवान केले तर? २०२० चा अनुभव समोर आहे. त्या हिवाळ्यात लडाखमधल्या जवानांना अमेरिकेकडून अतिथंडीचे कपडे मिळाले, काही माहितीही मिळाली. तेव्हाचे अमेरिकेच्या इंडो-पॅसिफिक कमांडचे प्रमुख ॲडमिरल डेव्हिडसन यांनी मार्च २०२१ मध्ये सिनेटच्या समितीपुढे ते उघडपणे सांगितले. ही मदत वर सांगितलेल्या द्विपक्षीय चौकटीतून आली. नाटोच्या ब्रसेल्समधल्या मुख्यालयात कोणताही मसुदा फिरला नाही, कोणाच्या संमतीची वाट पाहावी लागली नाही.

दुसऱ्या दिशेचे उदाहरणही आहे. डिसेंबर २०२३ मध्ये चाच्यांनी पळवलेले ‘रुएन’ हे मालवाहू जहाज मार्च २०२४ मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ने अडवले. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो बोटींसह समुद्रात उतरवले. जहाजावरचे १७ जण सुखरूप सुटले, ३५ चाचे शरण आले आणि त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. सुटलेल्यांमध्ये बल्गेरियाचे नागरिक होते. बल्गेरिया नाटोचा सदस्य. त्याच सुमारास लाल समुद्रात अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या ‘प्रॉस्पेरिटी गार्डियन’ मोहिमेत भारत सामील झाला नव्हता, पण अरबी समुद्रात आपल्या दहाहून अधिक युद्धनौका उभ्या होत्या. ज्यांची माणसे वाचली त्यांनी जहाज कोणत्या मोहिमेतले होते असे विचारले नाही.

अफगाणिस्तानबद्दल दोनच वाक्ये. नाटोने २००३ मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय फौजेची सूत्रे घेतली, पण तिची रसद बराच काळ कराचीहून यायची, म्हणून पाकिस्तानला दुखावून भारताला लष्करी भूमिका देणे तिला परवडणारे नव्हते. आपण झरंज-देलाराम रस्ता बांधला, सलमा धरण बांधले, आणि सुरक्षेच्या टेबलावर आपल्याला खुर्ची मिळाली नाही.

एवढे सगळे सांगून नाटोशी बोलूच नये असे मी म्हणत नाही. उलट फार कमी बोलतो याची मला खंत आहे. पहिला राजकीय संवाद ब्रसेल्समध्ये झाला तो थेट डिसेंबर २०१९ मध्ये, म्हणजे चीनने नाटोशी बोलायला सुरुवात केल्यानंतर कित्येक वर्षांनी. बोलणे नसले की काय होते ते जुलै २०२५ मध्ये दिसले. नाटोचे सरचिटणीस मार्क रुट यांनी रशियाशी व्यापाराबद्दल भारत, चीन आणि ब्राझीलला एका दमात निर्बंधांचा इशारा दिला, आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दुटप्पीपणाबद्दल जाहीर सुनावले. रोजच्या कामाचे संबंध असते तर निदान भारत आणि चीन एका वाक्यात आले नसते.

काम कुठून सुरू करावे? माझ्या दृष्टीने समुद्राखालच्या केबलपासून. बाल्टिक समुद्रात केबल तुटण्याच्या घटनांनंतर नाटोने जानेवारी २०२५ मध्ये ‘बाल्टिक सेंट्री’ ही गस्त सुरू केली. लंडनजवळच्या नॉर्थवूडला नाटोच्या सागरी मुख्यालयात समुद्राखालच्या पायाभूत यंत्रणांसाठी वेगळे केंद्र आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ केबल तुटल्या तेव्हा आपल्याकडचे इंटरनेट मंदावले, कारण त्यातल्या काही केबल थेट मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. नांगर ओढत नेणाऱ्या जहाजाचा वेग कसा पडतो, ते आपला ओळख-संकेत कधी बंद करते, चूक आणि घातपात यांतला फरक कसा ओळखायचा, हे ज्ञान नाटोकडे ताजे आहे. हिंदी महासागरातल्या जहाजांच्या हालचालींची माहिती गुरुग्रामच्या आपल्या नौदलाच्या माहिती केंद्राकडे आहे, आणि तिथे अनेक नाटो देशांचे संपर्क अधिकारी आधीपासून बसतात. ही देवघेव जवळजवळ सगळी अगोपनीय माहितीची आहे. तिला सांकेतिक यंत्रांची गरज नाही, आणि एस-४०० तिच्या आड येत नाही.

दुसरी वाट नाटोच्या ‘उत्कृष्टता केंद्रां’ची. ही केंद्रे नाटोची मान्यता असलेली, पण तिच्या हुकूमसाखळीबाहेरची असतात. त्यांत काही सदस्य देश पैसा आणि माणसे घालतात आणि बाहेरच्यांनाही घेता येते. एस्टोनियात टालिन इथल्या सायबर केंद्रात जपान आणि दक्षिण कोरिया आहेतच. स्लोव्हेनियातल्या पर्वतयुद्धाच्या केंद्राला तर गुलमर्गच्या आपल्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलकडून शिकायलाच बरेच मिळेल. सियाचीनवर चार दशके उभे राहिलेले सैन्य त्या बाबतीत कोणाचा विद्यार्थी नाही.

ब्रसेल्समधले आपले राजदूत बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि युरोपीय संघ सांभाळतात. त्याच दूतावासात नाटोच्या कामासाठी एक कॅप्टन किंवा कर्नल दर्जाचा अधिकारी कायमचा द्यावा आणि त्याला केबल, चाचेगिरी व सायबर एवढ्याच विषयांवर बोलायची मुभा असावी. त्यापलीकडचे, म्हणजे गोपनीय माहितीच्या देवघेवीचा करार, सर्वांत शेवटी. तो मसुदा कधी समोर आलाच, तर एस-४०० आणि पाणबुड्यांच्या देखभालीसाठी आपल्या तळांवर येणाऱ्या रशियन तंत्रज्ञांबद्दल त्यात काय लिहिले आहे ते पान आधी उघडावे.